लांडग्याची झोप, लांडग्याचे स्वप्न

फिनिश भाषेत 'उनी' या एका शब्दाचे दोन अर्थ होतात: झोप आणि स्वप्न. मराठीत आपण या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत. फिनिश माणूस मात्र एकच शब्द उच्चारतो आणि कोणता अर्थ घ्यायचा ते संदर्भावर सोपवतो. हेलसिंकीच्या 'मूनसॉरो' या बँडने २००१ साली आपल्या पहिल्या अल्बमला नाव दिले 'सुदेन उनी'. 'सुसी' म्हणजे लांडगा आणि 'सुदेन' हे त्याचे षष्ठीचे रूप. मराठीत हे नाव आणायला गेलो की षष्ठीचा प्रत्यय लावतानाच निवड करावी लागते. 'लांडग्याची' म्हटले की झोप आली, 'लांडग्याचे' म्हटले की स्वप्न. मूळ शीर्षक निवड करत नाही. लांडगा नुसता निजला आहे की निजेत काही पाहतो आहे, हे अल्बम संपेपर्यंत उघडच राहते. पहिल्याच ध्वनिमुद्रिकेला असे नाव सुचावे, इथेच मी या मुलांचा झालो.

मुलेच ती. व्हिले सोर्वाली आणि हेन्री सोर्वाली या चुलत भावांनी १९९५ मध्ये बँड सुरू केला. १९९७ चा 'मेत्सॅ', म्हणजे 'अरण्य', आणि १९९९ चा 'तॅमॅ इकुइनेन ताल्वी', म्हणजे 'हा चिरंतन हिवाळा', असे डेमो काढले आणि मग हा अल्बम. वाजवणारे तिघेच. व्हिलेकडे बास गिटार आणि मुख्य आवाज, मार्को तार्व्होनेनकडे ड्रम्स, आणि हेन्रीकडे गिटार, कीबोर्ड, अकॉर्डियन, तोंडाने वाजवायचे छोटे लोखंडी वाद्य, थोडक्यात उरलेले सगळे. प्लाझ्मॅटिका नावाच्या छोट्या कंपनीने तो काढला. २००३ मध्ये स्पाइनफार्मने पुन्हा बाजारात आणला. या प्रकाराला पेगन मेटल म्हणतात. ख्रिस्ती धर्म येण्याआधीच्या उत्तरेचे देव, ऋतू, लढाया आणि मरणे हा त्याचा विषय, आणि वाद्यमेळ मेटलचा.

प्रथम ऐकताना कानाला लागते ती खरखर. मूनसॉरोचे पुढचे अल्बम ज्यांनी आधी ऐकले आहेत त्यांना तर हे ध्वनिमुद्रण फारच ओबडधोबड वाटेल. गिटारचा आवाज पातळ आणि किरकिरा, मधमाश्यांचे मोहोळ उठल्यासारखा. बास गिटार बहुतेक वेळ त्या मोहोळाखाली दबलेली. कीबोर्डवरचे तुतारीसारखे आवाज यंत्रातून आलेले आहेत हे लगेच कळते. पण घोंगडी टोचते म्हणून आपण ती फेकून देत नाही. या आवाजाची वीण कशी आहे ते जरा जवळून पाहू.

गिटारवादक इथे स्वर छेडून सोडून देत नाही. हातातली पिक एकाच तारेवर इतक्या वेगाने वर-खाली फिरवतो की सुटे आघात ऐकू येईनासे होतात आणि एक सलग, थरथरणारा स्वर तयार होतो. संतूरवादक तारांवर कलमे झरझर फिरवून स्वर लांबवतो, तेच तत्त्व. त्यावर डिस्टॉर्शन चढवले की आघातांच्या उरल्यासुरल्या कडाही विरघळतात. मुद्रण स्वच्छ असते तर प्रत्येक आघात मोजता आला असता, आणि मग त्या आवाजाची जातच बदलली असती. इथे तो वाऱ्यासारखा आहे. वाऱ्याला कडा नसतात. खडबडीत मुद्रणाने या संगीताचे नुकसान केले असे मानणाऱ्यांना मी एवढेच सांगेन की हेडफोन लावून फक्त गिटारच्या मागे जा. दहाव्या मिनिटाला तुम्हाला त्या किरकिरीत स्वरांच्या बारीक रेघा दिसू लागतील, आणि त्या रेघा फार सुंदर आहेत.

त्या रेघांवर चाल बसते. चाली साध्या आहेत, चार-पाच स्वरांत फिरणाऱ्या, शेजारच्या स्वरावरून शेजारच्या स्वरावर पाऊल टाकणाऱ्या. एकदा ऐकल्यावर गुणगुणता याव्यात अशा. खरी करामत चालीत नाही, चालीखालच्या ठेक्यात आहे. मेटलमध्ये ब्लास्ट बीट म्हणून एक प्रकार असतो. त्यात स्नेअर, बेस ड्रम आणि झांज यांच्यावर अतिवेगाने सरसकट प्रहार होत राहतात. मूनसॉरो हा द्रुत ठेका जागोजागी एखाद्या संथ, लांब श्वासाच्या चालीखाली घालतो. वर विलंबित, खाली द्रुत. मग ठेका अचानक उतरतो, निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली, आणि तीच चाल तशीच चालू राहते. स्वर बदललेले नसतात, तरी धावत्या सैन्याच्या जागी एकदम मोकळे माळरान दिसते. आपल्याकडे ठाय आणि दुगुन ऐकलेल्या कानाला यातला हिशोब चटकन कळेल. फरक असा की इथे लय उतरते तेव्हा गाणे थकत नाही, मोठे होते. स्वीडनच्या बाथोरी या बँडचा 'हॅमरहार्ट' १९९० मध्ये आला, आणि मेटलला वेगाऐवजी विस्तार आणि भव्यता यांचीही भूक असू शकते हे तिथून अनेकांनी घेतले. मूनसॉरोही त्याच घरातला. पण बाथोरीची भव्यता दगडी आहे. या तिघांच्या भव्यतेत लोकगीताचा गोडवा मिसळला आहे, आणि तो गोडवा त्यांनी लपवलेला नाही.

पहिले गाणे 'उक्कोसेनयुमालान पोइका', मेघगर्जनेच्या देवाचा पुत्र. हा लांबलचक शब्द उलगडून पाहण्यासारखा आहे. 'उक्को' हा जुन्या फिनिश लोकांचा आकाशाचा, पावसाचा देव. 'उक्को' म्हणजेच म्हातारा माणूस, आजोबा. त्याच शब्दावरून 'उक्कोनेन' म्हणजे मेघगर्जना. तर ढगांत गडगडतो तो आजोबा. फिनिश लेखी भाषेचा जनक म्हणवला जाणारा मिकाएल आग्रिकोला १५५१ मध्ये बायबलमधली स्तोत्रे फिनिशमध्ये छापत होता, आणि त्याच्या प्रस्तावनेत त्याने जुन्या देवांची यादी दिली. हेतू निषेधाचा. वसंतातली पेरणी झाली की लोक उक्कोच्या नावाने पेला पितात आणि झिंगतात, अशी तक्रार त्याने तिथे केली आहे. ज्या पाद्र्याला हे देव पुसून टाकायचे होते त्याच्याच लेखणीने त्यांची नावे टिकली. पेरणीनंतर पावसाच्या देवाला पेला वाहणारा शेतकरी आपल्याला फार परका वाटू नये.

या शब्दातला जोडाक्षराचा 'क्क' ऐका. फिनिश भाषेत शब्दाचा आघात नेहमी पहिल्या अक्षरावर पडतो, आणि द्वित्त व्यंजनावर आवाज क्षणभर अडतो, 'पक्का' किंवा 'धक्का' म्हणताना अडतो तसा. व्हिलेचा आवाज खरवडलेला, घशाच्या कडेवरून ओढलेला आहे. अशा आवाजात इतर भाषांचे शब्द बहुधा चिखल होतात. फिनिशमध्ये तसे होत नाही. लांब स्वर ओढले जातात, द्वित्त व्यंजनावर तुटतात, आणि पुढच्या शब्दाच्या पहिल्या अक्षरावर पुन्हा आदळतात. भाषेचाच ठेका ड्रमच्या ठेक्यात जाऊन बसतो. या बँडने आपल्या भाषेला धरून राहण्यात मला अभिमानापेक्षाही कानाचा शहाणपणा दिसतो.

आता दुसऱ्या गाण्याकडे येतो, आणि इथे थोडा रेंगाळणार आहे, कारण माझ्या लेखी हा अल्बमचा गाभा आहे. शीर्षक 'क्योयलिओन्यॅर्वेन यॅॅल्लॅ'. आपल्या व्याकरणाने ते चटकन सुटते. 'यॅर्वी' म्हणजे सरोवर, 'यॅर्वेन' म्हणजे सरोवराच्या. 'यॅॅ' म्हणजे बर्फ, 'यॅॅल्लॅ' म्हणजे बर्फावर. क्योयलिओ सरोवराच्या बर्फावर. मराठीसारखेच प्रत्यय शब्दाच्या शेवटी चिकटतात, सुटे शब्द पुढे लावावे लागत नाहीत. 'बर्फावर' मध्ये जसा 'वर' शेवटी येतो, तसाच 'यॅॅल्लॅ' मधला 'ल्लॅ'. आणि पाहा, शीर्षक इथेच थांबते. बर्फावर काय झाले ते सांगत नाही. फिनलंडमध्ये ते सांगण्याची गरज नाही.

गोष्ट अशी. परंपरा सांगते की ११५६ च्या जानेवारीत, इंग्लंडमध्ये जन्मलेला बिशप हेन्री फिन लोकांना ख्रिस्ती करत फिरत असताना लाल्ली नावाच्या शेतकऱ्याच्या घरी उतरला. लाल्ली घरी नव्हता. बिशपने भाकरी आणि घोड्यांसाठी गवत घेतले आणि त्याचे पैसे ठेवले. पण नवरा परतल्यावर लाल्लीची बायको केर्त्तू हिने त्याला सांगितले की पाहुणा लुबाडून गेला. लाल्लीने स्की पायात अडकवली, गोठलेल्या सरोवरावर बिशपला गाठले आणि कुऱ्हाडीने मारले. मग त्याने बिशपची टोपी स्वतःच्या डोक्यावर घातली. काढायला गेला तर टोपीबरोबर डोक्याची कातडीही निघाली. वसंतात बर्फ फुटल्यावर बिशपचे अंगठी घातलेले बोट एका आंधळ्याला सापडले आणि त्याला दृष्टी आली. ही कथा सांगणारे एक दीर्घ लोकगीत पिढ्यान्‌पिढ्या गायले गेले आणि सतराव्या शतकात लिहून ठेवले गेले. इतिहासकार बिशपच्या आणि लाल्लीच्याही अस्तित्वाविषयी साशंक आहेत. पण क्योयलिओ सरोवरातल्या किर्क्कोकारी या छोट्या बेटावर आजही कॅथलिक भाविक जातात. तुर्कूहून तिथवर सुमारे १४० किलोमीटरची पदयात्रा चालते. नोउसिआइनेनच्या चर्चमध्ये बिशपच्या स्मारकावर पंधराव्या शतकातले पितळी पत्रे आहेत, आणि त्यांवर लाल्ली बिशपच्या पायाखाली पडलेला कोरला आहे.

म्हणजे आपल्यापर्यंत आलेली कथा सगळी चर्चच्या बाजूची. केर्त्तू खोटारडी, लाल्ली रागीट, बिशप निर्मळ. मूनसॉरोने काय केले ते आता लक्षात येईल. त्यांनी शीर्षकात ना बिशपचे नाव घेतले, ना लाल्लीचे. फक्त जागा ठेवली. पितळी पत्र्यावर लाल्ली पायाखाली आहे. या शीर्षकात बिशप नाही, लाल्ली नाही, पायाखाली आहे तो बर्फ. कंसातले उपशीर्षक 'पाकानावेदेत' म्हणजे काफिरांचे पाणी, आणि त्याला दुसरा भाग असे म्हटले आहे. बर्फ म्हणजे उभे राहिलेले पाणीच. एका बाजूला बर्फ, दुसऱ्या बाजूला पाणी, आणि या दोन शब्दांच्या मध्ये कुठेतरी ती कुऱ्हाड. हे वाचले आणि मग गाणे ऐकले की खालचा वेगवान ठेका मला पाठलागासारखा ऐकू येऊ लागतो आणि वरची संथ चाल सरोवराच्या विस्तारासारखी. मेटलच्या गाण्यात इतकी मितभाषी कारागिरी क्वचितच भेटते.

'कुइन इकुइनेन', चिरंतनासारखे, या तिसऱ्या गाण्याविषयी मला फार सांगायचे नाही. आधीच्या गाण्याची उष्णता त्याला पुरते. चौथ्याचे नाव मात्र जिभेवर घोळवावे असे आहे: 'तूलेन कोति, आल्तोयेन कोति'. वाऱ्याचे घर, लाटांचे घर. दोनदा येणारा 'कोति' ऐकून मराठी कानाला कुटी आठवल्याशिवाय राहत नाही. दोन समतोल अर्धुके, मधे एक स्वल्पविराम, आणि दुसरे अर्धुक पहिल्यापेक्षा किंचित लांब. फिनिश लोककाव्यात एकच गोष्ट दोन ओळींत, थोडे शब्द बदलून सांगायची जुनी रीत आहे. एका शीर्षकात त्यांनी ती सगळी रीत बसवली.

मग 'पाकानायुह्ला', काफिरांचा उत्सव. 'पाकाना' हा शब्द मूळचा लॅटिन 'पागानुस'; त्याचा आधीचा अर्थ नुसता खेडूत, गावंढा. चर्चने तो शिवीसारखा वापरला. 'युह्ला' म्हणजे सण, हा फार जुन्या काळी जर्मानिक भाषांतून आलेला शब्द, मध्यहिवाळ्याच्या सणाचे नाव. पुढे तोच शब्द दुसऱ्यांदा उसना आला आणि फिनिशमध्ये 'योउलु' झाला. आज 'योउलु' म्हणजे नाताळ. एकच मूळ, एक फांदी जुन्या सणाला, दुसरी नव्या धर्माला. बँडने शिवी अंगावर घेतली आणि तिच्यापुढे दोन फांद्यांतली जुनी जोडली. हा शब्द काही त्यांनी घडवलेला नाही, पण गाण्याच्या कपाळावर लावला तो त्यांनी.

या उत्सवाच्या निमित्ताने अल्बममधल्या दोन वाद्यांकडे लक्ष द्या. एक 'मुन्निहार्प्पु', आपल्याकडच्या मोरचंगाचा उत्तरेकडचा भाऊ. दातांशी धरायचे, बोटाने पाते छेडायचे, आणि तोंडाची पोकळी लहानमोठी करून त्या एकाच आधारस्वरातून वरचे नाद काढायचे. हे वाद्य अख्खे एका षड्जावर जगते. इतक्या गिटारींच्या गर्दीत त्याचा 'ट्वँऽऽग' एवढासा, पण नेमका ऐकू येतो, कारण गिटारीचा आवाज सलग आहे आणि याचा तुटक. जिथे सगळे वाहते आहे तिथे हे एकटेच टिचकी मारते. दुसरे वाद्य अकॉर्डियन. ते फिनलंडमध्ये एकोणिसाव्या शतकात पोहोचले. बिशप हेन्रीच्या काळाशी त्याचा काही संबंध नाही. शुद्धतेचा हट्ट असता तर ते वगळले असते. पण फिनिश खेड्यात लग्न आणि नाच म्हटले की जो आवाज आठवतो तो अकॉर्डियनचाच, आणि उत्सव उभा करायचा तर लोकांच्या आठवणीतला आवाज हवा, उत्खननात सापडलेला नको. या निवडीत मला हेन्री सोर्वालीचे खरे वय दिसते: वयाच्या मानाने फार जाणता.

सहावे गाणे सर्वांत लांब, '१०६५: आइका'. 'आइका' म्हणजे काळ, युग. जुन्या मराठीतला 'आइका' हा शब्द मनात वाजल्याशिवाय राहत नाही, आणि इथे तो सूचना म्हणूनही चालेल. १०६६ हे साल अनेक इतिहासग्रंथांत व्हायकिंग युगाचा शेवट मानतात. त्या वर्षी २५ सप्टेंबरला नॉर्वेचा राजा हाराल्ड हार्द्रादा इंग्लंडमध्ये स्टॅमफर्ड ब्रिजच्या लढाईत पडला. शीर्षक त्याच्या एक वर्ष आधी उभे आहे. मी ते असे वाचतो: अजून काही झालेले नाही. जहाजे किनाऱ्यावर आहेत, माणसे जिवंत आहेत, आणि ऐकणाऱ्यालाच तेवढे ठाऊक आहे की पुढचे पान कोणते. गाणे घाई करत नाही. एखादी चाल येते, राहते, तिच्याखालची जमीन बदलते, ती पुन्हा येते. २००७ मध्ये याच बँडने 'हॅवितेत्ती' काढला, ज्यात अर्ध्या तासाच्या आसपासची दोनच गाणी आहेत. त्याचे बी इथे पेरलेले दिसते. आणि बी म्हणूनच ते मला त्या पूर्ण वाढलेल्या झाडाइतके प्रिय आहे.

या गाण्यांमधून वारंवार उठतो तो पुरुषांचा समूहस्वर. तो कमावलेला नाही. मोजकेच गळे आहेत, एकावर एक थर देऊन जमाव केलेला, आणि थर काटेकोर जुळलेले नाहीत. कुणी स्वरावर किंचित उशिरा पोहोचतो, कुणाचा स्वर खाली घसरतो. स्टुडिओत हे दुरुस्त करता येते. ते तसेच राहिले म्हणूनच तिथे गायनवृंद नसून माणसे आहेत असे वाटते: अंगणात उभी, थंडीत, तोंडातून वाफ निघणारी. वारीत अभंग चालू असताना शंभर गळ्यांत एखादा गळा जरा मागे राहतो आणि त्यानेच गर्दी खरी होते, ते ज्यांनी ऐकले आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको.

या भावांच्या नावांतही एक गोष्ट आहे. बँडमध्ये व्हिलेचे नाव लागते व्हिले सेपोनपोइका सोर्वाली, आणि हेन्रीचे हेन्री उर्पोनपोइका सोर्वाली. 'सेपोनपोइका' म्हणजे सेप्पोचा मुलगा, 'उर्पोनपोइका' म्हणजे उर्पोचा मुलगा. स्वतःचे नाव, मधे वडिलांचे, मग आडनाव. मराठी माणूस रोज अशीच सही करतो. आणि 'पोइका' हा तोच शब्द जो पहिल्या गाण्याच्या शीर्षकात मेघगर्जनेच्या देवाचा पुत्र म्हणून येतो. वर ढगांतल्या आजोबाचा मुलगा, खाली सेप्पोचा आणि उर्पोचा.

शेवटचे गाणे अल्बमचेच नाव घेऊन येते, 'सुदेन उनी'. सहा गाण्यांच्या धावपळीनंतर ते कानावर पडते तेव्हा मी दरवेळी दिवा मालवतो आणि आवाज थोडा कमी करतो. गिटारची किरकिर तोवर अंगवळणी पडलेली असते. आता ती कुठेतरी दूर, झाडांच्या रेषेपलीकडे चालू आहे असे वाटते. लांडगा निजलेला आहे. त्याचा कान मात्र अधूनमधून हलतो.